एकाच रंगाच्या दोन तारा

माझ्या चुलतभावाचा मुलगा प्रतीक परवा पुण्याहून आला तो मखमलीच्या पिशवीत एक तार घेऊन. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरच्या बॉक्सपर्यंत जोडायची तार. अजगराच्या पिल्लाएवढी जाड, वर विणलेलं काळं कवच, टोकांना सोनेरी टोप्या. ती कोणत्या दिशेनं जोडायची याचा बाण तिच्यावर छापलेला होता. नवी असताना तिचा आवाज खुलत नाही, वाजवत वाजवत ती मुरवावी लागते, असं त्यानं मला गंभीरपणे सांगितलं. "लोणच्यासारखी?" मी विचारलं. त्याला ते आवडलं नाही. त्याच्या आजोबांनाही, म्हणजे माझ्या तात्यांना, असले प्रश्न आवडत नसत. मग तो वाकून माझ्या डाव्या बॉक्सच्या मागं बघायला लागला आणि म्हणाला, "आत्या, हे काय करून ठेवलंय तुम्ही?" मी त्याला आधी चहा पी म्हटलं.

तारांबद्दल मला आयुष्यात जे कळलं ते थोडकं आहे. लांबी वाढली की तार जाड हवी, नाहीतर आवाज वाटेतच दमतो आणि खालचा सूर थुलथुलीत होतो. दोन पदरांपैकी कोणता कुठं जोडायचा, हे दोन्ही बॉक्सना सारखं हवं. यापुढचा प्रांत श्रद्धेचा. श्रद्धेला मी सहसा हसत नाही, कारण एका हिवाळ्यात ती आमच्या घरी आली आणि शाळांचा निकाल लागेपर्यंत मुक्कामाला राहिली.

आमचं गाव धर्मापुरीच्या अलीकडं, परळीच्या बाजूला. घराचे दोन भाग होते. मागं माळवदाचं जुनं घर, त्यात चूल आणि माजघर. पुढं तात्यांनी बांधलेली स्लॅबची लांबलचक बैठक. तात्या माझे थोरले चुलते, गावचे पुढारी. बैठकीच्या मागच्या भिंतीशी, अगदी मधोमध, त्यांची हातांची खुर्ची. तिच्या शेजारीच माजघराचं दार. त्या दाराच्या आत, उंबऱ्यापाशी, माझी माय बसायची. थोरल्या दिराला तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काही सांगायचं झालं तर माय पदर पुढं ओढून मला सांगे, "शाले, तुझ्या तात्याला म्हन, ज्वारी दळायला न्ह्यायची हाय." तात्या हातभर अंतरावर बसलेले असत. त्यांनी ते ऐकलेलं असे. पण मी उंबऱ्यापलीकडं तोंड करून "तात्या, माय म्हनती, ज्वारी दळायला न्ह्यायची हाय" असं म्हणेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. मग ते मला सांगत, "म्हन, उद्या पाठवतो." हेही मी मायला पुन्हा सांगायचे. त्या दोघांमधली तार मीच होते म्हणा ना.

माझे वडील, बापू, ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. दसऱ्यानंतर टोळी घेऊन ते पश्चिमेकडच्या कारखान्यावर जात आणि उन्हाळा लागल्यावर परत येत. मायला वाचता येत नव्हतं, आणि बापूंना चिठ्ठी लिहिण्यापेक्षा बैल वळवणं सोपं वाटे. म्हणून ते कॅसेट पाठवत. फडाजवळच्या पाचटाच्या कोपीच्या दारात बसून, कुणाच्या तरी टेपमध्ये बोलून, गावाकडं निघालेल्या माणसाच्या हाती कॅसेट द्यायची. आमच्या भागातले बरेच मुकादम तसं करत. माय ती आमच्या एका कर्ण्याच्या लहान टेपवर ऐके, चुलीपुढं, भाकरी थापता थापता. बापूंच्या बोलण्यामागं बैलांच्या घुंगरमाळा वाजत, कुणाचं तरी लेकरू रडत असे. येसरच्या, भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या, आमटीच्या वासात मी ते सगळं ऐकलंय. अजून येसर भाजलं की मला घुंगरं ऐकू येतात.

त्या वर्षी बापू परत आले नाहीत. उसानं भरलेला ट्रॅक्टर उलटला. शेवटची कॅसेट त्यांच्या आधी पोहोचली होती. तिच्यात विशेष काही नव्हतं. थंडी लई हाय. म्हशीला पेंड घाला. संक्रांतीला माहेरी जायचं म्हनत होतीस, ते राहू दे. मी येस्तवर घर सोडून कुटं जाऊ नको. मग थोडं थांबून, "ऐकायलीस ना?" मग पुन्हा थांबणं, एक खोकला, आणि "बरं हाय मंग."

माय वर्षभर ती कॅसेट ट्रंकेत ठेवून होती. त्या वर्षात दोन गोष्टी घडल्या. अंबाजोगाईच्या माझ्या मामांनी ठरवलं, की दहावीनंतर मी त्यांच्याकडं राहून अकरावीला जावं, आणि मायनंही सोबत यावं, बालवाडीत काम बघता येईल. आणि दुसरी, तात्यांनी डेक आणला. निवडणूक तोंडावर होती, आणि बैठकीत बसणाऱ्यांना काहीतरी बघायला लागतं. समोरच्या भिंतीच्या एका टोकाला डेकचं कपाट, त्याच्या बाजूला एक बॉक्स. दुसरा बॉक्स थेट त्या टोकाला, रस्त्याकडच्या दाराशी, म्हणजे ओट्यावरच्या लोकांनाही ऐकू जावं. दुकानदारानं दिलेली तार जवळच्या बॉक्सपुरती होती, एक पदर लाल, एक काळा. लांबच्या बॉक्ससाठी तात्यांनी परळीहून मोटारीच्या वायंडिंगची तांब्याची तार आणवली. आमच्याच विहिरीवरची मोटार जळाली होती, ती भरून घेताना उरलेली. बारीक, लाखेचा मुलामा दिलेली. दोन पदर एकमेकांत पिळून केलेली. दोन्ही पदर अगदी एकाच तपकिरी रंगाचे. टोकं ब्लेडनं खरवडली आणि जोडली. तार गरजेपेक्षा बरीच लांब होती. तात्या म्हणाले, "कापायची न्हाई. लांब वायरीचा रुबाब असतो." उरलेलं वेटोळं खिळ्याला टांगलं.

पहिलं गाणं लागलं तेव्हाच काहीतरी निराळं होतं. ढोलकीला पोट नव्हतं. आणि गाणारी बाई कुठं उभी राहून गातेय ते कळत नव्हतं. बॉक्सकडं बघावं तर ती तिथं नसे. मान वळवावी तर वाटे मागं आहे, मागं वळावं तर वाटे कानातच आहे. लांबचा बॉक्स जरा हळू वाजे, तो वेगळाच. बसलेले लोक थक्क झाले. तात्यांनी खुलासा केला, "वायर लांब हाय. आवाज फिरून येतो. मोठ्या घरात असाच वाजतो."

बापूंच्या वर्षश्राद्धाला पाव्हणे जमले. गव्हाची खीर, वडे, कढी झाली. जेवणं उरकल्यावर भर दुपारी तात्या म्हणाले, बापूचा आवाज समद्यांना ऐकवू. कॅसेट मागवली. मायनं ती माझ्या हाती दिली आणि उंबऱ्याआत बसली. मी ती तात्यांना दिली.

आधी घुंगरमाळा वाजल्या. त्या बॉक्समधून आल्या नाहीत. त्या घरात वाजल्या. आमचे बैल रानात होते, गोठा रिकामा होता, आणि माजघरात बैल चालत होते. माझी आत्या, आमच्याकडंच राहणारी बापूंची बहीण, विडा तोंडाशी नेत होती, ती तशीच थांबली. मग बापू बोलले. थंडी लई हाय. बैठकीतल्या झाडून सगळ्या माणसांनी समोरच्या डेककडं न बघता मागं, माजघराच्या दाराकडं बघितलं. मीही बघितलं. दारात माय बसली होती, पाठमोरी. ती आत, चुलीकडं बघत होती. "मी येस्तवर घर सोडून कुटं जाऊ नको," बापू म्हणाले. "ऐकायलीस ना?"

मायनं "व्हय" म्हटलं.

खोकला आला. बरं हाय मंग. खटकन कळ उडाली. आत्यानं विडा न खाताच खाली ठेवला.

पुढं काय झालं ते सांगायला नको, पण सांगते, कारण त्यातलं काहीही कुणी ठरवून केलं नाही. आत्या म्हणाली, तार त्याच्याच विहिरीच्या मोटारीची हाय, तिच्यातून तो आलाय. हे गावाला पटलं. दुपारच्याला बायका यायला लागल्या. तात्या कॅसेट लावायचे, बायका बॉक्सला पाठ करून आणि माजघराच्या दाराकडं तोंड करून बसायच्या. दारात माझी माय असायची. ती वळत नसे. बापू चुलीपाशी बोलतात असं तिला ऐकू येई, आणि तसं ते खरोखरच ऐकू येई, मी तिच्या शेजारी बसून ऐकलंय. तिनं चुलीशेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवायला सुरुवात केली. भाकरी करताना ती चुलीची डावी बाजू मोकळी सोडून बसू लागली. कॅसेट बंद असतानाही. सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला परतताना ती एकदा हळूच म्हणाली, "व्हय व्हय, ऐकायले." मी शाळेचं दप्तर घेऊन उभी होते. घरात आम्ही दोघीच होतो.

मामा आले तेव्हा तात्यांनी त्यांना आदरानं बसवलं. "मी कशाला अडवू? न्ह्या की. पर बापूनंच सांगितलंय, घर सोडू नको. तुमी सोता ऐका." त्यांनी ऐकवलं. मामा शाळामास्तर, अंधश्रद्धेवर व्याख्यानं देणारे. तेही माजघराकडं वळले. संक्रांतीचं वाक्य त्यांनी ऐकलं, सगळ्यांनीच ऐकलं, पण हुकूम त्या संक्रांतीपुरताच होता हे कुणी धरलं नाही. जाताना मायला म्हणाले, "अक्का, तुला कसं वाटतंय?" मायनं चुलीशेजारचा तांब्या भरला. विधवा भावजय निवडणुकीच्या तोंडावर घर सोडून गेली तर लोक काय म्हणतील, ही तात्यांची काळजी होती, पण आता तिची गरज उरली नव्हती. माझी अकरावी एका मेलेल्या माणसाच्या हुकुमानं थांबली होती, आणि तो माझाच बाप होता.

पाडव्याआधी बैठक सारवा-पुसायला काढली. मी आणि आत्यानं दोन्ही बॉक्स खाली काढून मधोमध ठेवले, तोंडाला तोंड लावून, म्हणजे जाळीचं कापड मळू नये. आत्याला कामात गाणं लागे, म्हणून डेक चालूच होता. बॉक्स एकमेकांना भिडले आणि गाणं विझलं. बंद नाही झालं. कुणी तोंडावर उशी दाबावी तसं झालं. मी एक बॉक्स मागं ओढला, गाणं आलं. पुन्हा भिडवला, पुन्हा विझलं. "सोड गं," आत्या म्हणाली, "त्यात हात घालू नको." ती हात जोडून मागं सरली. मला मात्र भीतीच्या जागी राग आला. दोन बॉक्स मिळून एकापेक्षा कमी वाजतात, याचा अर्थ ते एकमेकांचं खोडत होते.

परीक्षा झाली, सुट्टी लागली. एका दुपारी तात्या परळीला गेले आणि आत्या शेजारी. मी बॉक्सवरची कापडं काढली. आत काळ्या कागदाचे पडदे, वाटीसारखे. डेकच्या टोकाकडून तारा सोडवल्या आणि बॅटरीचा सेल घेतला. शाळेत सेलला दोन टोकं असतात एवढं शिकवलं होतं, ते पुरे झालं. जवळच्या बॉक्सच्या तारांना सेल लावला, टप्प, पडदा पुढं आला. लांबच्या बॉक्सच्या तारांना त्याच खुणेनं लावला. टप्प, पडदा आत गेला.

"माय, हिकडं ये."

ती उंबऱ्यापर्यंत आली. "बैठकीत?"

"तात्या न्हाईत."

रिकाम्या बैठकीतही तिनं पदर पुढं ओढला. तात्यांच्या खुर्चीला वळसा घालून ती आली आणि जमिनीवर बसली. मी पुन्हा सेल लावून दाखवला.

"ह्यो पुढं आला," ती म्हणाली.

"आता त्यो बघ."

"त्यो मागं सरला." जरा थांबून, "दोघं भांडायलेत व्हय?"

"भांडत न्हाईत. एक म्हनतो ये, दुसरा म्हनतो जा. मंग आवाजाला ऱ्हायला जागा न्हाई. कुटूनबी आल्यासारखा वाटतो. दोनी पदर एकाच रंगाचे हायेत, जोडताना उलटे लागले."

तिनं हात पुढं करून पडद्याला बोट लावलं, तापलेल्या तव्याला लावतात तसं. "मंग ते चुलीपाशी बसत न्हाईत?"

मी सेल बाजूला ठेवला. "न्हाई, माय."

बाहेर रस्त्यावरून एक जनावरांचा टेम्पो गेला. तिनं पडद्यावरचं बोट काढून पदराला पुसलं. मी म्हटलं, "सरळ करू?"

"आत्ता नको," ती म्हणाली. "तुझ्या तात्याला येऊ दे."

तात्या उन्हं कलताना आले, सोबत त्यांची दोघं-तिघं नेहमीची माणसं. चहा झाला. मी तारा पुन्हा होत्या तशाच जोडून ठेवल्या होत्या. तात्या खुर्चीत बसले होते. माय उंबऱ्याआतून म्हणाली, "शाले, तुझ्या तात्याला म्हन, कॅसेट लावायची हाय. आन् म्हन, जरा उठा."

मी म्हटलं, "तात्या, माय म्हनती, कॅसेट लावायची हाय. आन् जरा उठा."

तात्या उठले, ते केवळ आश्चर्यानं. आणि माझी माय उंबरा ओलांडून बाहेर आली, चार पुरुषांसमोरून, आणि खुर्चीत बसली. पदर डोक्यावर होता, चेहऱ्यावर नव्हता. तात्यांच्या माणसांपैकी एकानं चप्पल शोधायला सुरुवात केली, पण गेला नाही.

मी कॅसेट लावली. घुंगरं वाजली, बापू बोलले, आणि सगळे सवयीनं माजघराच्या दाराकडं वळले. इतके महिने त्या दारात माय असायची. आज दार मोकळं होतं. आत अंधारायला लागलं होतं, आणि त्या मोकळ्या दारातून माझे बाप विचारत होते, "ऐकायलीस ना?" मला सगळं कळलेलं होतं, सेल माझ्या परकराच्या खिशात होता, तरी माझ्या पाठीवर काटा आला. माय खुर्चीत डोळे मिटून बसली होती. "व्हय," ती म्हणाली.

मग म्हणाली, "आता बदल."

मी डेकमागं गेले. "कावून गं हात लावायलीस?" तात्या ओरडले. "शॉक लागंल, सोड!" मी लांबच्या बॉक्सचे दोन तपकिरी पदर सोडवले, इकडचा तिकडं केला, तिकडचा इकडं, आणि कॅसेट मागं फिरवली.

घुंगरं आली ती समोरून. समोरच्या भिंतीपाशी, दोन बॉक्सच्या बरोबर मधल्या जागेतून, माणूस मांडी घालून बसल्यावर तोंड जिथं येईल तेवढ्या उंचीवरून बापू बोलले. आवाजाला पोट आलं होतं, छाती आली होती. त्यामागं वाऱ्याचा आवाजही होता, तो आम्ही आधी कधी ऐकलाच नव्हता. एक माणूस फार लांब, उसाच्या फडाशेजारी, कधीतरी बोलून गेला होता. संक्रांतीला माहेरी जायचं म्हनत होतीस, ते राहू दे. मायनं मान जराशी हलवली. मी येस्तवर घर सोडून कुटं जाऊ नको.

"ऐकायलीस ना?"

माय काही बोलली नाही. तेवढी जागा रिकामी गेली, नुसती टेपची खरखर. मग खोकला. बरं हाय मंग.

ती उठली, तात्यांकडं सरळ बघितलं आणि म्हणाली, "तात्या, आमी उद्याच्या यष्टीनं अंबाजोगाईला जाताव."

तात्या तिच्याकडं बघेनात. ते माझ्याकडं बघत राहिले, मी ते परत सांगावं म्हणून. मी काही बोलले नाही.  शेवटी ते भिंतीकडं बघून म्हणाले, "डबा बांधून घ्या. वाटंत काय मिळत न्हाई." धपाटे मायनं आधीच करून ठेवले होते.

आम्ही गेल्यावर तात्यांनी तारा पुन्हा उलट्या करून घेतल्या, असं आत्या सांगे. कॅसेट मायच्या ट्रंकेत होती, त्यामुळं त्यांनी स्वतःची भाषणं लावली. ती कुठून येतायत ते कळत नसे, आणि कुठं चाललीयत तेही. निवडून मात्र आले.

माय पुढं बालवाडीतून निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही माझ्याकडं राहिली. मी शिकवून चार पैसे मिळवायला लागल्यावर एक बरा सेट घेतला, दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची, जाड, खुणेची तार. कॅसेट तिच्यासाठी नीट उतरवून घेतली. ती फारशी ऐकत नसे. एकदा, तिची नजर अधू झाल्यावर, दुपारी चहा पिताना म्हणाली, "शाले, त्या येळंवानी जोड की एकदा."

"माय, तुला तर म्हाईत हाय ते कावून होतंय."

"म्हाईत हाय की. म्या काय येडी हाव? जोड."

मी डाव्या बॉक्सच्या तारा उलट्या केल्या. घुंगरं माझ्या स्वयंपाकघरात शिरली. गॅसची शेगडी, मिक्सर, फ्रीज, आणि त्यांच्यामधून बैल. माय त्या दाराकडं वळून बसली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, भोळेपणाही नव्हता. बापूंनी विचारलं. तिनं "व्हय" म्हटलं, आणि बशीत चहा ओतून घेतला. पुढं ती असेपर्यंत तार सरळ करायची वेळ आली नाही. ती गेल्यावरही आलेली नाही.

प्रतीकचा चहा संपला. "आत्या, तुमच्या डाव्या बाजूची तार उलटी जोडलीय," तो म्हणाला. "म्हणून बेस येत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, सरळ करून देऊ?"

"माहीत आहे मला. राहू दे."

त्याला वाटलं असणार, म्हातारीला समजलं नाही. त्यानं फोनवरून माझ्या सेटवर एक गाणं लावून मला फरक समजावून सांगायला घेतलं, तांब्याची शुद्धता, विणकाम, वगैरे. बोलता बोलता तो थांबला आणि मागं, स्वयंपाकघराच्या दाराकडं वळून बघितलं. पुन्हा बोलायला लागला, पुन्हा वळला.

"आत कुणी आहे का, आत्या?"

"नाही," मी म्हटलं आणि त्याची कपबशी विसळायला आत गेले. शेगडीच्या डाव्या बाजूला पाण्याचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. तो रोज सकाळी मीच भरते.